बबल मेमरी डिझाइन करतोय, पॅटर्न कुठला घेऊ?

जुनाट_चुंबक
मंडळी सल्ला हवाय. हौस म्हणून छोटी, ६४ बिटांची मॅग्नेटिक बबल मेमरी करतोय (चुंबकीय फिल्ममधले बारीक गोल ठिपके म्हणजे बबल, तेच बिट), गार्नेट फिल्म हाताशी आहे, ३ मायक्रॉन जाड, बबलपण साधारण तेवढेच. टी-बार (बबल पुढे सरकवायला फिल्मवर छापायचा टी आणि दांड्यांचा धातूचा पॅटर्न) काढायला घेतला तर गॅप १ मायक्रॉनच्या आत जातेय, एवढं बारीक मला छापता येत नाही. आणि बबल फिरायला एकच लूप ठेवू की मेजर-मायनर (बऱ्याच छोट्या लूप आणि त्यांना जोडणारी एक मोठी)?

अर्धा_शेवरॉन
टी-बार सोडा हो, असिमेट्रिक शेवरॉन (दोन बाजू असमान असलेले व्ही आकाराचे तुकडे) घ्या, गॅपचे एवढे नखरे नाहीत. पिरियड (एका तुकड्यापासून पुढच्यापर्यंतचं अंतर) बबलच्या चार-पाच पट धरा. पण पॅटर्नच्या आधी बायस फील्ड (फिल्मला लंब, बबल टिकवणारं स्थिर चुंबकीय क्षेत्र) मोजलंय का? पोलरायझर लावून मायक्रोस्कोपखाली बघा, फील्ड नसताना नागमोडी पट्टे दिसतात, वाढवत नेलं की आकसून बबल होतात, अजून वाढवलं की गायब, आणि खाली आणलं की परत लांबून पट्टा. ह्या दोन टोकांच्या मधेच सगळं बसवायचंय, आणि पॅटर्नचा परमॅलॉय (निकेल-लोखंडाचा मिश्रधातू) वर आला की ती जागा अजून आक्रसते.

जुनाट_चुंबक
दिसले दिसले!! फक्त काही बबल सरळ ढकलले तरी तिरकेच पळतात?

गार्नेटवाला
हार्ड बबल. बबलच्या कडेच्या चुंबकीय भिंतीत पीळ बसलेला असतो. उपाय म्हणजे आयन इम्प्लांटेशन (फिल्मच्या वरच्या थरात आयन घुसवणं), फिल्मवर ते झालंय का बघा, नसेल तर पॅटर्नवर वेळ घालवू नका.
लूपचं म्हणाल तर १०० किलोहर्ट्झला १ लाख बिटांची एकच लूप म्हणजे पूर्ण फेरीला १ सेकंद, म्हणून मेजर-मायनर आलं. इंटेलच्या ७११० ह्या बबल मेमरी चिपमधे तर जादा लूप होत्या आणि कुठल्या खराब ते बूट लूप नावाच्या वेगळ्या लूपमधे लिहिलेलं असायचं. तुम्हाला ६४ बिटांना कशाला तो संसार, एकच लूप करा.

अर्धा_शेवरॉन
+१. आणि बायसचा मॅग्नेट फिल्मसारखाच तापमानाबरोबर उतरणारा हवा, नाहीतर बबल सरकवायला आडवं फील्ड फिरवणाऱ्या कॉइल तापल्या की बबल मेले. कोनामीच्या १९८५ च्या बबल सिस्टमला (बबल मेमरीवर चालणारं आर्केड गेमचं हार्डवेअर) गेम सुरू व्हायच्या आधी गरम व्हायला वेळ द्यावा लागायचा, आठवतंय का कुणाला 😄

जुनाट_चुंबक
टी-बारची फाइल उडवली. कॉइलचा ड्रायव्हर अजून नाहीये पण.

गार्नेटवाला
सध्या नकोच. बायस तसाच ठेवून, छोटा मॅग्नेट आडवा धरून हातानेच सावकाश फिरवा, फार जवळ नाही. एका फेरीला बबल एक घर पुढे सरकला पाहिजे, अडला तर कुठल्या गॅपला अडतो ते डोळ्यांनीच दिसेल.