विषय: उत्तर: आयटीआयला मान का नाही? जर्मनी, कोरिया, पुणे

श्टुटगार्टहून

नमस्कार मंडळी,

"जर्मनांना हाताच्या कामाची कदर आहे, आपल्याला नाही" हे आयटीआयच्या चर्चेत पुन्हा आलं म्हणून लिहितो. कदर स्वभावापेक्षा व्यवस्थेमुळे टिकते. इथलं मेकाट्रॉनिक्सचं (यांत्रिकी आणि इलेक्ट्रॉनिक्स एकत्र) औसबिल्डुंग, म्हणजे काम करत घ्यायचं व्यवसाय-शिक्षण, साडेतीन वर्षांचं. करार कंपनीशी, नोंद उद्योग-व्यापार मंडळाकडे. आठवड्यातले तीन-चार दिवस कारखान्यात, बाकीचे शाळेत. परीक्षाही मंडळाचीच, दोन भागांत: पहिल्याला ४० आणि दुसऱ्याला ६० टक्के वजन. परीक्षकांत मालक, कामगार आणि शिक्षक असे तिघांचे प्रतिनिधी असतात, त्यामुळे एका कंपनीत शिकलेलं दुसरीकडे चालतं. पुढे माइस्टर (उस्ताद कारागिराची परीक्षा) केलं की जर्मनीच्या पात्रता-चौकटीतली सहावी पातळी, बॅचलर पदवीच्याच ओळीत.

कोरियाने २०१० मध्ये याच नावाची, व्यवसाय-शिक्षणाची माइस्टर हायस्कुलं काढली, शुल्क माफ केलं. तरी पगार-बढती पदवीवर ठरते तोवर पालक विद्यापीठाकडेच बघणार.

पुण्याहून

दादा, वर जायची वाट इथेही आहे, पालकांना ठाऊक नसते एवढंच. औंधच्या आयटीआयतून दोन वर्षांचा फिटर झालेल्या मुलाला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला अर्ज करता येतो. डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला.

खरी गळती अप्रेंटिसशिपमध्ये आहे. १९६१ च्या कायद्याखाली ३० किंवा जास्त माणसांच्या आस्थापनेला २.५ ते १५ टक्के अप्रेंटिस घ्यावेच लागतात. पण चाकण-भोसरीत अनेक ठिकाणी पोराला असेंब्ली लाइनवर एकाच स्टेशनला उभं करतात. वर्षभर तेच चार बोल्ट, तोच टॉर्क. मग व्हर्नियरवर (बारीक मापाच्या पट्टीवर) ०.०२ मि.मी. वाचायला सांगितलं की अडतो. सुपरवायझरला जाब विचारला जातो तो नगांचा, शिकवण्याचा नाही, म्हणून हे होतं.

सही करण्याआधी करार सरकारी अप्रेंटिसशिप पोर्टलवर नोंदलाय का ते बघा. नुसतं 'ट्रेनी' म्हणून कंपनीचं पत्र मिळालं, तर शेवटी राष्ट्रीय प्रमाणपत्र नाही. बेंच, लेथ, मिलिंग, इन्स्पेक्शन, मेंटेनन्स यांत किती किती आठवडे, हे लेखी मागा. लॉगबुकवर, म्हणजे कामाच्या नोंदवहीवर, सही कोण करणार, तेही विचारा.

श्टुटगार्टहून

ताई, लॉगबुकचं नेमकं बोललात. इथे शिकवणाऱ्यालाही वेगळी परीक्षा द्यावी लागते. तसा माणूस नसेल तर कारखान्याला शिकाऊ घेता येत नाहीत. आणि मुलाने रोज काय केलं त्याची वही शिकवणाऱ्याच्या सहीसकट सादर केली नाही, तर अंतिम परीक्षेला बसूच देत नाहीत.