थॉमस जॉन्स: उजाड डोंगर झाकणारा जमीनदार की इस्टेट बुडवणारा?

देवराई:
वेल्सच्या जमीनदारांचा विषय निघाला की कोळसा, स्लेट आणि बेदखल झालेली कुळं यांच्यापलीकडे चर्चा जात नाही. कार्डिगनशायरमधल्या हावॉड इस्टेटीचे थॉमस जॉन्स (१७४८–१८१६) यांना त्याच माळेत ओवणं मला अन्यायाचं वाटतं. ऑक्टोबर १७९५ ते एप्रिल १८०१ या काळात त्यांनी २०,६५,००० झाडं लावली, त्यांपैकी १२,००,००० लार्च (हिवाळ्यात पानं गाळणारा सूचिपर्णी वृक्ष). लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सने त्यांना वृक्षलागवडीसाठी एकदा नव्हे, अनेकदा सुवर्णपदक दिलं. कुळांसाठी वैद्य, मुलींसाठी शाळा, शेतीसुधारणेची पुस्तिका. त्या जिल्ह्यात असं दुसरं कोण करत होतं? माझ्या मते ते तिथले सर्वांत चांगले जमीनदार. विरोधी मतं ऐकायला आवडतील.

सातबारा:
असहमत. आकडा लावलेल्या झाडांचा आहे, जगलेल्या नव्हे. चार फुटांवर एक रोप धरलं तर एकरी सुमारे २,७२० रोपं बसतात, म्हणजे वीस लाखांत जेमतेम साडेसातशे एकर. त्यातलीही निम्म्याहून जास्त पुढे विरळणीत काढावीच लागतात. लार्चला सावली सोसत नाही, गर्दीत खोड काठीसारखं बारीक राहतं.

आणि पैशाचं काय? लार्चच्या खाणीत लावायच्या टेकूला वीसेक वर्षं, फळ्यांच्या लाकडाला चाळीस-पन्नास. गहाणाचं व्याज मात्र दरवर्षी द्यावं लागतं. त्यात लाकूड बैलगाडी-घोडागाडीने डोंगरातून अ‍ॅबरिस्टविथ बंदरापर्यंत न्यायचं. तिथे रेल्वे आली १८६४ मध्ये, म्हणजे जॉन्स गेल्यावर ४८ वर्षांनी.

देवराई:
टेकूंसाठी बंदर कशाला गाठायचं? शिशाच्या खाणी शेजारीच, कुम-अस्त्विथला होत्या.

लार्चच का, तेही बघा. पातळ, खडकाळ, आम्ल जमिनीत ओक कुढत वाढतो, लार्च सरळ वर जातो. हिवाळ्यात त्याची पानं गळतात, त्यामुळे विरळणीनंतर खाली गवत येतं आणि मेंढ्या चरू शकतात. स्कॉटलंडच्या पर्थशायरमध्ये अ‍ॅथॉलच्या ड्यूकांच्या लागवडीत हेच दिसलं होतं. डोंगरउतारावर खड्डे खणत बसायचं नसतं: फावड्याने टी आकाराची खाच पाडायची, हिरवळीची ढेप उचलायची, मूळ न दुमडता आत सरकवायचं, टाचेने घट्ट दाबायचं. दाब कमी पडला की वसंतातल्या कोरड्या वाऱ्यात खाच उघडते आणि मूळ सुकतं. शिवाय लार्चला पालवी लवकर फुटते, म्हणून फेब्रुवारी संपायच्या आत रोप जमिनीत हवं. उशिरा लावलेलं बहुधा जातंच.

बखरवाचक:
तुम्ही दोघंही झाडांतच अडकलात. जॉन्स आधी राजकारणी होते. १७७५ ते १७८० कार्डिगन बरोज, मग १७९६ पर्यंत रॅडनरशायर आणि तिथून मरेपर्यंत कार्डिगनशायरचे खासदार. १८०० पासून जिल्ह्याचे लॉर्ड लेफ्टनंट, म्हणजे मिलिशिया (स्थानिक सैन्यदल) हाताखाली आणि न्यायदंडाधिकारी कोण व्हावेत याची शिफारसही त्यांचीच.

संसदेतल्या जिल्ह्याच्या जागेसाठी मत कुणाला? वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची फ्रीहोल्ड (कायम मालकीची) जमीन असलेल्याला. हयातीच्या मुदतीचा पट्टा त्यात धरला जाई, सालोसाल कसणाऱ्या कुळाला मत नाही. म्हणजे कुणाला कसला पट्टा द्यायचा हे ठरवणारा जमीनदार मतदारही ठरवत होता. वर मतदान उघड, सगळ्यांदेखत. गुप्त मतपत्रिका १८७२ ची. त्याआधी १८६८ च्या निवडणुकीनंतर याच जिल्ह्यात लिबरल पक्षाला मत दिलं म्हणून कुळं हुसकावली गेली. वैद्य आणि शाळा या चौकटीत ठेवून मोजा.

देवराई:
१८६८ चा दोष १८१६ मध्ये गेलेल्या माणसावर कसा? आणि मतांसाठीच सगळं असतं तर सालोसाल कसणाऱ्या, मत नसलेल्या कुळांसाठी १८०० ची पुस्तिका कशाला छापली असती? वेल्श कोशकार विल्यम ओवेन प्यू यांच्याकडून तिचा वेल्श अनुवादही करून घेतला. ते इंग्रजीच बोलत राहणाऱ्यातले नव्हते.

सातबारा:
पुस्तिकेतला सल्ला चांगला, पण सोसणारा नव्हे. टर्निप (सलगम) घ्यायचा तर आम्ल जमिनीत आधी चुना हवा, नाहीतर मुळांना गाठी येऊन पीक जातं. त्या जिल्ह्यात चुनखडीच नाही. दगड समुद्रमार्गे यायचा, किनाऱ्यावरच्या भट्ट्यांत भाजायचा, मग डोंगर चढायचा. एका वर्षाच्या बोलीवरचं कूळ हा खर्च का करील? जमीन सुधारली की खंड वाढणार. आधी लांब मुदतीचे पट्टे, मग उपदेश, असा क्रम हवा होता.

माझा मुख्य आक्षेप १३ मार्च १८०७ नंतरचा आहे. हवेली जळाली, वास्तुविशारद जॉन नॅश यांनी बांधलेलं अष्टकोनी ग्रंथालय गेलं, वेल्श अभ्यासक एडवर्ड ल्विड यांच्या संग्रहातल्या वेल्श हस्तलिखितांचा काही भाग राख झाला. (हे नुकसान कुठल्याही विम्यातून भरून निघणारं नव्हतं.) तेव्हा जॉन्स ५८ वर्षांचे, डोक्यावर कर्ज. छोटं घर बांधून खाती मिटवायची सोडून पुन्हा तोच थाट. १८११ मध्ये एकुलती एक मुलगी मारियाम्नी गेली. पुढे इस्टेट न्यूकॅसलच्या ड्यूकांकडे गेली आणि १९५८ मध्ये हवेलीच पाडली.

बखरवाचक:
खर्चाबाबत सातबारांशी सहमत. छापखानाही आठवा: १८०३ पासून डोंगरात यंत्र बसवून फ्रेंच बखरींचे स्वतः केलेले अनुवाद छापत होते. इतिहासाला फायदा, तिजोरीला नाही.

रानमेवा:
एक वेगळा मुद्दा. लार्चवर एवढा भर हाच धोका. वेल्समध्ये २०१० मध्ये लार्चवर फायटोफ्थोरा रॅमोरम हा बुरशीसारखा रोगजंतू सापडला. तो पानांवरून पसरतो, त्यामुळे एका झाडाला लागण झाली की आसपासचीही तोडावी लागतात.

देवराई:
तो रोग जॉन्सच्या काळी तिथे नव्हता. आणि २०,६५,००० मधून १२,००,००० वजा करा: ८,६५,००० झाडं लार्चशिवायची, म्हणजे जवळजवळ ४२ टक्के. हल्ली एकाच जातीची झाडं लावणाऱ्यांपेक्षा हा मिश्र हिशेब बराच बरा. सातबारा, पट्ट्यांच्या क्रमाचा मुद्दा मात्र मान्य. त्याला माझ्याकडे उत्तर नाही.