आईला वॉर्म ऑटोइम्यून हिमोलिटिक ॲनिमिया: नागपुरात कोणाला अनुभव आहे का?

सावली_मनीषनगर:
आई ५८ वर्षांची. दोन महिन्यांपासून जिना चढताना दम लागत होता, मग डोळे हळदीसारखे पिवळे झाले. शेजारच्या काकू कावीळ उतरवून आणा म्हणून मागेच लागल्या. हिमोग्लोबिन निघालं ५.८! आपल्या भागात सिकलसेल जास्त, म्हणून आधी तीच तपासणी झाली, ती निगेटिव्ह. मग डायरेक्ट कूम्ब्स (तांबड्या पेशींना प्रतिपिंड म्हणजे अँटिबॉडी चिकटली का बघणारी तपासणी) पॉझिटिव्ह आली. प्रेडनिसोलोन (स्टेरॉईड) ६० मिलिग्रॅमचा आज दहावा दिवस, हिमोग्लोबिन ७.४. नातेवाईक लोहाच्या गोळ्या अन् बीट-गूळ द्यायला सांगून राहिले. द्यायचं का? आणि स्टेरॉईड कधी सुटेल?

धरमपेठकर:
ताई, ७.४ म्हणजे औषध लागू पडतंय, धीर धरा. रक्त बनत नाही असं नाहीये. शरीराचीच आयजीजी प्रकारची अँटिबॉडी तांबड्या पेशींना चिकटते आणि प्लीहा त्या पेशी फस्त करते. लोह कमी असल्याचं तपासणीत आलं तरच त्या गोळ्या. फॉलिक ॲसिड मात्र डॉक्टरांना विचारून द्या, पेशी भराभर बनताना ते संपतं. गूळ नकोच, स्टेरॉईडने साखर वाढते.

कळकळीने सांगतो, गोळ्या मनाने सोडू देऊ नका. माझ्या बायकोला हाच आजार; हिमोग्लोबिन ११ झालं, चेहरा सुजला म्हणून तिने परस्पर बंद केल्या. तीन आठवड्यांत पुन्हा ६. रात्री दोन वाजता रक्तपेढीत एकही पिशवी जुळेना, कारण ही अँटिबॉडी दात्यांच्या पेशींनाही चिकटते. शेवटी त्यातल्या त्यात कमी विसंगत पिशवी हळूहळू चढवली. दुसऱ्या वेळी डोस उतरवायला पाच महिने लागले. देवघराजवळच्या कॅलेंडरवर रोजचे मिलिग्रॅम लाल पेनाने लिहायचो.

लॅबवाली_ताई:
हिमोग्लोबिनसोबत रेटिक काउंट (नव्या तांबड्या पेशींचं प्रमाण) आणि एलडीएचही (पेशी फुटल्या की रक्तात वाढणारं एन्झाइम) बघत राहा, पेशी फुटणं थांबलं का ते त्यावरून कळतं. ल्युपस (दुसरा ऑटोइम्यून आजार), लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) किंवा एखादं औषध मुळाशी आहे का, हेही विचारा. तीन आठवड्यांत फरक नसेल तर बहुधा रिटुक्सिमॅबचा (अँटिबॉडी बनणं रोखणाऱ्या औषधाचा) विषय निघेल. त्याआधी हिपॅटायटिस बी तपासलंच पाहिजे. या आजारात रक्ताच्या गाठी होऊ शकतात, एकच पाय सुजला किंवा छातीत दुखलं तर तडक दवाखाना. धंतोली-रामदासपेठेत डॉक्टर भरपूर, पण हिमॅटॉलॉजिस्टच (रक्तविकारतज्ज्ञ) गाठा.

सावली_मनीषनगर:
दादांचं लिहिलेलं आईला वाचून दाखवलं. ऐकून तिने स्वतःच कॅलेंडर मागितलं. आजच्या चौकटीत ६० लिहिलंय.