कमिटीच्या बाहेर केलेल्या कामाला स्वयंसेवक म्हणून संरक्षण मिळतं का?

प्रश्न:
नमस्कार मंडळी. मी एका अमेरिकन स्टँडर्ड्स संस्थेच्या (उत्पादनांसाठी तांत्रिक नियम ठरवणाऱ्या) कमिटीवर आहे, मानधन वगैरे काही नाही. कमिटीचं काम करताना कुणी केस केली तर आम्ही तुमच्या मागे उभे राहू असं संस्था सांगते. पण खरं काम मीटिंगमध्ये होतच नाही, आम्ही काही जण वेगळ्या कॉलवर बसतो, मसुदा तिथेच पक्का होतो आणि मग कमिटीपुढे जातो. शिवाय कंपन्या मला थेट मेल करून विचारतात की अमुक कलमाचा अर्थ काय, आमचं प्रॉडक्ट त्यात बसतं का, आणि मी उत्तर देतो. आता एक कंपनी चिडलीय कारण त्यांचं डिझाइन एका अटीत अडकतंय. उद्या हे कोर्टात गेलं तर मी एकटा पडणार का?

उत्तर १:
संस्थेची पॉलिसी काढून नीट वाचा. अशा हमीत बहुतेक वेळा अट असते की काम संस्थेने मंजूर केलेलं हवं आणि तिच्या नियमांप्रमाणे झालेलं हवं, तुमचे कॉल त्यात बसवणं अवघड जाईल. अमेरिकेत स्वयंसेवकांसाठी १९९७ चा केंद्रीय कायदा आहे, पण तोही ना-नफा किंवा सरकारी संस्थेसाठी नेमून दिलेल्या जबाबदारीच्या आत केलेल्या कामापुरताच, आणि मुद्दाम केलेलं किंवा घोर निष्काळजीपणाचं कृत्य त्यात येत नाही. वकिलाचा खर्च तो कायदा देत नाही. आणि हे फार कमी लोकांना माहीत असतं, खुद्द संस्थेनेच तुमच्यावर दावा लावला तर तो कायदा आडवा येत नाही.

उत्तर २:
मला कॉलपेक्षा त्या मेलची जास्त काळजी वाटते. हायड्रोलेव्हलची केस वाचाच. बॉयलरमधलं पाणी कमी झालं की इंधन बंद करणारं उपकरण ही कंपनी बनवायची, तिच्या उपकरणात थोडा टाइम डिले होता. १९७१ मध्ये प्रतिस्पर्धी कंपनीने एएसएमई या इंजिनिअरांच्या संस्थेला तिच्या बॉयलर कोडच्या, म्हणजे बॉयलरसाठीच्या नियमांच्या, एका कलमाचा अर्थ विचारला. त्या कंपनीचाच एक माणूस कोडचं ते काम बघणाऱ्या सबकमिटीचा उपाध्यक्ष, आणि प्रश्न कसा लिहायचा हे त्याने सबकमिटीच्या अध्यक्षांबरोबर मिळूनच ठरवलेलं. उत्तर अध्यक्षांनी तयार केलं, गेलं संस्थेच्या लेटरहेडवर, सूर असा की डिले असलेलं उपकरण सुरक्षित नाही. मग प्रतिस्पर्ध्याचे सेल्समन तेच पत्र गिऱ्हाइकांना दाखवत फिरले. १९८२ मध्ये सुप्रीम कोर्टाने एएसएमईलाच अँटीट्रस्ट कायद्याखाली (बाजारातली स्पर्धा दाबण्याविरुद्धचा कायदा) जबाबदार धरलं, संस्थेला त्यातून काही फायदा झाला नव्हता तरीही. अध्यक्ष आणि उपाध्यक्ष ज्या कंपन्यांत होते त्यांच्यावरही दावा होता, त्यांनी आधीच पैसे भरून तडजोड केली. म्हणून सांगतो, एकट्याने अर्थ लावून पाठवणं आजच थांबवा, आलेली मेल ऑफिसकडे फॉरवर्ड करा, अर्थ लावायची ठरलेली पद्धत असते तिथूनच उत्तर जाऊ दे.

उत्तर ३:
बाजूच्या कॉलची एवढी भीती नको, छोट्या गटाने मसुदा लिहिल्याशिवाय कुठलंच स्टँडर्ड पुढे सरकत नाही. इंटरनेटचे स्टँडर्ड्स बनवणाऱ्या आयईटीएफच्या १९९८ च्या वर्किंग ग्रुप नियमांत डिझाइन टीमची, म्हणजे मसुदा लिहिणाऱ्या छोट्या गटाची, सोय लिहूनच ठेवलीय, फक्त टीमने आणलेलं सगळ्या ग्रुपपुढे येतं आणि समोरासमोर ठरलेलंही मेलिंग लिस्टवर पुन्हा तपासलं जातं. तुमच्याकडे मसुदा कॉलवरच "पक्का" होतो म्हणता, तिथे खरी गडबड आहे. तो प्रस्ताव म्हणून आणा, कोण कोण होतं ते सांगा, त्या चिडलेल्या कंपनीचा आक्षेप मिनिट्समध्ये येऊ दे आणि त्याला तांत्रिक उत्तर द्या.

मूळ प्रश्नकर्ता:
खूप आभार. २००४ च्या कायद्याने स्टँडर्डच्या कामात अँटीट्रस्टची तिप्पट नुकसानभरपाई उरली नाही असं कमिटीत कुणीतरी म्हणालं होतं, तो आम्हाला लागू होईल ना? आणि जुन्या मेल काढून टाकाव्या का?

उत्तर २:
नाही, दोन्ही नाही. ती सवलत सरकारकडे नोंद केलेल्या संस्थेला आहे, सहभागी लोक आणि त्यांच्या कंपन्या त्यातून मुद्दाम वगळल्यात, तुमच्यासाठी आधीचाच कायदा. आणि वाद दिसत असताना मेल डिलीट केल्या तर पुरावा नष्ट केला असं धरलं जाईल, एकही काढू नका. संस्थेच्या वकिलाला आज लेखी कळवा, पण तो वकील संस्थेचा आहे तुमचा नाही, स्वतःचा वेगळा सल्ला घ्याच, आणि नोकरीच्या वेळात हे काम करत असाल तर कंपनीच्या लीगललाही सांगून ठेवा.