२० फुटी दर्शनी भाग, तळमजला अधिक एक: बाहेरून काय करावं?

प्रश्न (वीटकाम_झालं)

घराची समोरची रुंदी २० फूट, कठड्यासह उंची २३ फूट. खाली दार आणि एक खिडकी, वर साडेतीन फूट बाहेर आलेली बाल्कनी आणि आणखी एक खिडकी. वीटकाम पूर्ण आहे, बाहेरचा गिलावा व्हायचाय. नमुन्याच्या चित्रांत दगड, लाकडी पट्ट्या, काच आणि तीन-तीन रंग एकत्रच दिसतात. एवढ्याशा भिंतीवर यातलं काय शोभेल? आणि गिलाव्याआधी काय पक्कं करून घ्यायचं?

उत्तर (ओळंबा)

२० फुटांत एकच गोष्ट उठून दिसू द्या, बाकीच्या भिंतीनं गप्प राहायचं. चित्रांतली घरं बहुतेक ४० फुटी असतात, तिथे तीन प्रकार सामावतात. तेच २० फुटांत केलं की भिंत तुकड्यांची गोधडी वाटते आणि घर आहे त्याहून लहान दिसतं.

माझं मत: दाराच्या बाजूला ४ फूट रुंदीचा दगडाचा उभा पट्टा जोत्यापासून कठड्यापर्यंत न्या. उरलेली भिंत एकाच फिक्या रंगात. जोत्याला मात्र गडद रंग किंवा फरशी हवीच, कारण जमिनीवर आपटलेल्या पावसाचे शिंतोडे दीड फुटापर्यंत सहज उडतात.

खर्च न वाढवता सगळ्यात जास्त फरक पडतो तो रेषा जुळल्यानं. दार आणि खिडकीचा वरचा काठ एकाच पातळीत, साधारण ७ फुटांवर ठेवा. वरची खिडकी खालच्या खिडकीच्या बरोब्बर डोक्यावर. वीटकाम झालंय, तेव्हा आता ओळंबा (उभी रेष पाहायला) आणि पाण्याची नळी (आडवी पातळी पाहायला) लावून तपासा. इंचभराचा फरक असेल तर गिलाव्यात चौकटीभोवती पट्टी काढून लपवता येतो.

मीटरची पेटी, एसीचं बाहेरचं युनिट, गच्चीचे पाइप यांच्या जागा आजच कागदावर मांडा. रंग झाल्यावर समोरून खाली आलेला एक पांढरा पाइप सगळी मेहनत वाया घालवतो.

उत्तर (पाणी_कुठे_जातं)

रेषांचं पटलं. पण लहान घर दोन पावसाळ्यांत जुनाट दिसतं ते पाण्याच्या ओघळांमुळे, आणि त्याचा इलाज गिलाव्यातच असतो.

छज्जा आणि बाल्कनीच्या खालच्या बाजूला काठापासून इंचभर आत १० ते १२ मिमी रुंद खाच ठेवायला सांगा. पाणी काठावरून सरळ खाली पडत नाही. ते पोटाला चिकटून मागे सरकतं आणि भिंतीवर उतरतं. खाच आली की त्याचा धर सुटतो आणि थेंब तिथेच गळतो. बाजूच्या खाचा भिंतीपर्यंत भिडवू नका, २ इंच आधी थांबवा, नाहीतर तीच खाच पन्हळ होऊन पाणी भिंतीवर नेते. खिडकीखालचा दगडही दीड इंच बाहेर, बाहेरच्या बाजूला उतार आणि त्याच्या पोटातही खाच. कठड्याच्या माथ्याचा उतार गच्चीकडे हवा, रस्त्याकडे नको.

गिलावा दोन थरांत: पहिला १२ ते १५ मिमी, १:४ मालाचा (एक भाग सिमेंट, चार भाग वाळू), ओला असतानाच त्यावर ओरखडे काढलेले. दुसरा ५ ते ८ मिमी. दुसऱ्यात सिमेंट पहिल्यापेक्षा जास्त नको, तो आकसताना खालच्या थराला सोडतो. वीट आणि काँक्रीट जिथे भेटतात तिथे फूटभर रुंद जाळी, दोन्हीकडे सहा-सहा इंच. काँक्रीटचा भाग आधी छिन्नीनं खडबडीत करून घ्या. भिंत गुळगुळीत दिसावी म्हणून वरून कोरडं सिमेंट शिंपडून घासतात, ते अजिबात करू देऊ नका. केसासारख्या भेगांचं जाळं त्यातूनच येतं. पाणी किमान ७ दिवस मारा.

वीटकाम_झालं

दोघांचेही आभार. दगडाचा पट्टा २३ फुटांपर्यंत नेला तर पडण्याची भीती नाही का? आणि बाल्कनीला लाकडी पट्ट्या टिकतील?

उत्तर (फरशी_आणि_पकड)

भीती रास्त आहे. २० मिमी जाडीचा दगड चौरस मीटरला साधारण ५० किलो भरतो. ४ बाय २३ फूट म्हणजे साडेआठ चौरस मीटर, वजन सव्वाचारशे किलोच्या घरात. ओळंबा यांनी सांगितलेला पट्टा छान दिसेल, पण डोक्याच्या वर नुसत्या सिमेंटच्या लगद्यावर जाड दगड नको. स्टेनलेस स्टीलच्या पिना किंवा क्लॅम्प हवेत. किंवा दगड पहिल्या मजल्याच्या छज्जापर्यंतच थांबवा आणि वर त्याच रंगाचा खडबडीत टेक्स्चर घ्या.

दगडाऐवजी फरशी (टाइल) लावणार असाल तर तिची पाठ इतकी घट्ट असते की सिमेंट आत मुरत नाही, ते फक्त चिकटल्यासारखं दिसतं. बाहेरच्या वापराचा टाइल ॲडहेसिव्ह (फरशी चिकटवायचा तयार मसाला) दातेरी थापीनं भिंतीवर पसरा, फरशीच्या पाठीलाही पातळ थर द्या, मध्ये ३ मिमी सांधा सोडा. पुट्टी किंवा रंगावर काहीही चिकटवू नका. लावून झाल्यावर बोटानं टकटक करून पाहा, पोकळ आवाज आला तर तो तुकडा लगेच काढायला लावा.

खऱ्या लाकडाला उन्हापावसात दरवर्षी तेल किंवा पॉलिश लागतं. लाकडासारख्या रंगाचे ॲल्युमिनियमचे पाइप घ्या. बाल्कनीत पट्ट्या उभ्याच ठेवा, फट १०० मिमीपेक्षा कमी. आडव्या पट्ट्यांवर मुलं शिडीसारखी चढतात.

उत्तर (ओळंबा)

वजनाचा मुद्दा मान्य. खाली दगड, वर टेक्स्चर हेच करा. दोन्हींच्या मध्ये छज्जाची रेषा येतेच, त्यामुळे जोड वेगळा लपवावा लागणार नाही.

दिव्यांच्या नळ्या गिलाव्याआधी भिंतीत टाका. दगडावर खालून वर जाणारा दिवा भिंतीपासून ६ ते ८ इंचांवर, ३००० केल्व्हिनचा (पिवळसर उजेडाचा), आयपी६५ दर्जाचा (धूळ-पाणी आत न जाणारा). साध्या गिलाव्यावर मात्र असा दिवा लावू नका, तिरक्या उजेडात थापीचा प्रत्येक फटकारा दिसतो.

उत्तर (पाणी_कुठे_जातं)

रंगाची घाई नको. ताज्या गिलाव्यातला क्षार रंग जाळतो, म्हणून २८ दिवस थांबा, मग क्षार सोसणारा प्रायमर आणि दोन हात. झळझळीत लाल-जांभळे रंग उन्हानं लवकर उडतात; गेरू, राखाडी, मातकट छटा टिकतात. निवडलेली छटा ३ बाय ३ फुटांच्या तुकड्यावर लावून सकाळी आणि भर दुपारी पाहा. कार्डावर दिसते त्यापेक्षा भिंतीवर ती भडक वाटते, तेव्हा एक छटा फिकी घेतलेली बरी.