अ‍ॅडव्हेंचर गेममध्ये पार्श्वभूमीला फोटो: सल्ला हवा

प्रश्न
अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉइंट-अँड-क्लिक (माउसने क्लिक करून खेळायचा) गेम करतोय, १९२० × १०८० पिक्सेल. पात्र हाताने काढलेलं, पार्श्वभूमी फोटोंची. पात्र जमिनीवर टेकलेलं वाटत नाही, तरंगतं. शिवाय वरून चिकटवल्यासारखं दिसतं. फोटो कसे काढावेत आणि नंतर त्यांवर काय काम करावं?

प्रतिसाद १
तरंगण्याचं कारण बहुधा मापात आहे. क्षितिजरेषा नेहमी कॅमेऱ्याच्या उंचीवर येते. कॅमेरा डोळ्यांच्या उंचीला धरला तर जमिनीची पट्टी अगदी अरुंद दिसते, पात्राला फिरायला जागाच उरत नाही. ट्रायपॉड २.४ मीटरपर्यंत चढवा. कॅमेरा खाली झुकवू नका, भिंतींच्या उभ्या कडा तिरक्या होतात. समतल ठेवा आणि वरचं जास्तीचं छत नंतर कापून टाका.

आता फरशीच्या समांतर सांध्यांच्या रेषा वाढवा. त्या जिथे मिळतात ती क्षितिजाची पातळी. सपाट जमिनीवर हिशेब असा: पावलं क्षितिजाच्या जितके पिक्सेल खाली, त्याला (पात्राची उंची ÷ कॅमेऱ्याची उंची) या गुणोत्तराने गुणा. पात्र १.६ मीटर असेल तर गुणोत्तर दोन तृतीयांश. क्षितिज वरून २०० पिक्सेलवर असेल, तर पावलं ६५० वर असताना पात्र ३०० पिक्सेल उंच हवं, ३५० वर असताना १००. म्हणजे ३०० पिक्सेलचं चित्र पुढे १०० टक्के, मागे ३३ टक्के. चालण्याच्या भागाला वरच्या आणि खालच्या कडेला एवढे दोन आकडे द्या, मधलं इंजिन सरळ प्रमाणात भरतं. जिना किंवा उतार असेल तर त्याचा भाग वेगळा करा, तिथे हा हिशेब लागू होत नाही. आणि पावलांखाली मऊ कडांची सावली हवीच, नाहीतर बरोबर मापाचं पात्रही तरंगेल.

प्रतिसाद २
चिकटवल्यासारखं दिसतं कारण फोटोत बारीक तपशील ठासून भरलेला असतो आणि पात्रात सपाट रंग. फोटो थोडा शांत करा. फोटो एडिटरच्या लेव्हल्समध्ये (उजेड-अंधाराच्या पातळ्या) आउटपुटचा काळा ० वरून २५ वर आणा, म्हणजे ठार काळं थोडं फिकं होईल; मग बारीक तपशील पुसणारा ३-४ पिक्सेलचा मीडियन फिल्टर. ऑइल पेंटिंगचा फिल्टर मात्र अख्ख्या चित्रावर एकसारखा फिरवू नका. लांबच्या छोट्या वस्तू आधी पुसल्या जातात, आणि नेमक्या त्यांवरच खेळाडूला क्लिक करायचं असतं. पात्राची बाह्यरेषा ठार काळी न ठेवता फोटोतल्याच गडद सावलीचा रंग उचलून काढा. फोटो ढगाळ दिवशी काढलेत तर पात्रावरचा उजेड जुळवणं फार सोपं जातं.

कृष्णधवलचाही विचार करा. 'द लॉस्ट क्राउन' (२००८) या अ‍ॅडव्हेंचर गेममध्ये फोटोंवर बेतलेल्या कृष्णधवल दृश्यांत मोजकेच रंग ठेवले आहेत. वेगवेगळ्या वेळी काढलेल्या फोटोंतला रंगांचा फरक त्यात दिसत नाही.

प्रश्नकर्ता
टेबलामागून पात्र गेलं की टेबलाच्या कडेला उजळ, करवतीसारखी रेघ दिसते. आणि दार उघडं-बंद कसं दाखवू?

प्रतिसाद १
वॉक-बिहाइंडच्या मास्कमध्ये (पार्श्वभूमीचा कोणता भाग पात्राच्या पुढे दिसावा ते ठरवणारा आराखडा) पिक्सेल एकतर आत किंवा बाहेर, अर्धपारदर्शक काही नाही. फोटोत टेबलाच्या कडेच्या पिक्सेलमध्ये मागच्या भिंतीचा रंग मिसळलेला असतो, तीच ती रेघ. त्याच फोटोतून टेबल कापा, निवड १ पिक्सेल आत घ्या, १ पिक्सेल फेदर द्या (कड मऊ करा) आणि पारदर्शक पीएनजी करून ऑब्जेक्ट म्हणून त्याच जागी ठेवा. बेसलाइन, म्हणजे पात्राची पावलं जिच्या वर असली की पात्र टेबलामागे जातं ती रेषा, टेबलाच्या पुढच्या पायांच्या तळाशी.

दाराचे दोन फोटो ट्रायपॉड न हलवता काढा: फोकस, एक्सपोजर, व्हाइट बॅलन्स (रंगांची छटा ठरवणारी सेटिंग) तिन्ही मॅन्युअल, शटर २ सेकंदांच्या टायमरवर. दुसऱ्या फोटोतून नुसतं दार कापू नका. दार उघडल्यावर फरशीवर पडणारा उजेडही त्यातच घ्या आणि कड ३०-४० पिक्सेल विरघळवा. उचलायच्या वस्तूंनाही हेच: एक फोटो वस्तूसह, एक तिच्याशिवाय.

प्रतिसाद ३
दुसऱ्यांचे फोटो घेणार असाल तर परवाना आधी बघा. क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्यांमध्ये 'एनसी' (व्यावसायिक वापर नाही) असेल तर विकायच्या गेममध्ये चालत नाही. 'एनडी' (बदल करून वाटणं नाही) असेल तर वर सांगितलेले बदल करून तो फोटो गेममध्ये देता येत नाही. सीसी-झीरो (निर्मात्याने हक्क सोडलेले) सगळ्यात निर्धोक, पण त्यातही ओळखू येणारे चेहरे आणि कंपन्यांची बोधचिन्हं पुसून घ्या.