मदत हवी आहे: कंटेनर स्कॅनरवरची ड्यूटी आणि टीएलडी बॅज

नमस्कार मंडळी. माझी धाकटी बहीण कस्टम्समध्ये आहे, सध्या एका बंदरावर कंटेनर स्कॅनरच्या ड्यूटीवर. परवा सहज विचारलं, "तुझा बॅज कुठंय?" तर म्हणाली, "स्कॅनरच्या केबिनमधल्या ड्रॉवरमध्ये, सगळ्यांचे तिथेच असतात." पोटात गोळाच आला. टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर पडलेल्या किरणोत्सर्गाचा डोस मोजणारा बिल्ला, छातीवर लावायचा असतो. ड्रॉवरमधला बॅज ड्रॉवरचाच डोस मोजणार! दर तिमाहीला बॅज तपासणीला जातात, पण तिचा आकडा तिला आजवर कोणी दाखवलेला नाही.

एक्स-रे स्कॅनर बंद केला की किरणंही थांबतात, त्यामुळे त्याची मला तेवढी धास्ती नाही. खरी काळजी भंगाराच्या कंटेनरची. त्यात चुकून कोबाल्ट-६० हा किरणोत्सर्गी धातू आला तर त्याला बंद करायचं बटण नसतं. २०१० साली दिल्लीच्या मायापुरीत भंगारातल्या कोबाल्टनं एकाचा जीव गेला, ते विसरता येत नाही.

आपल्याकडे अशा कामावरचा डोस वर्षाला ३० मिलीसिव्हर्टच्या (हे डोसचं माप) वर जायला नको आणि पाच वर्षांची सरासरी २० च्या आत हवी, एवढं मला माहीत आहे. पण स्वतःची डोसची नोंद लेखी मागायची कशी? अर्ज रेडिएशन सेफ्टी ऑफिसरकडे द्यायचा की थेट एईआरबीला, म्हणजे अणुऊर्जा नियामक मंडळाला, लिहायचं? भंगार उघडताना खिशातला अलार्मवाला डोसीमीटर मागता येतो का?

आणखी एक. तिला नुकतेच दिवस गेलेत. गरोदरपण कळवल्यापासून बाळासाठी मर्यादा फक्त १ मिलीसिव्हर्ट असते. ऑफिसला अजून सांगितलेलं नाही, उद्याच सांगायला लावते. त्या पत्राचा मसुदा कुणाकडे असेल तर कृपया द्या.